लहान घरात चार सायकली, आणि एकही चाक वाकडं नाही

सायकल चाकाला लटकवली तर रिंग वाकेल का? माझ्या बाल्कनीतले हूक पाहून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारलंय. उत्तर आधीच देतो, कारण ते पटलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं: नाही वाकत. चाक बनवलेलंच असतं उभा भार घ्यायला. त्याला सोसत नाही तो आडवा दाब.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, फिटर आहे आणि मांजलपुरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात सायकली चार: वडिलांची काळी अठ्ठावीस इंची, माझी गिअरवाली, मुलीची सव्वीस इंची लेडीज आणि मुलाची वीस इंची. चारही चालत्या आहेत आणि एकही काढून टाकायची माझी तयारी नाही.

आता तो उभा-आडवा हिशोब. तुमचं वजन ७० किलो आणि सायकल १५ किलोची धरा. चालवताना एकट्या मागच्या चाकावर ५० किलोच्या आसपास भार येतो, आणि खड्डा लागला की क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तीच सायकल हुकाला टांगली की रिंगवर फक्त सायकलचे १५ किलो, तेही धक्क्याविना. तारा मुळातच कडक ताणलेल्या असतात. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका तारेवर १०० किलोच्या आसपास ताण असतो. त्यात या टांगलेल्या पंधरा किलोंनी काही बिघडत नाही.

आडव्या दाबाचं गणित मात्र वेगळं आहे. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन बाजूंना दोन पाळ्या असतात, तिथून तारा निघून रिंगच्या मध्यावर येतात. पाळ्यांमधलं अंतर पाच-सात सेंटीमीटर, आणि रिंग ५५ ते ६५ सेंटीमीटर व्यासाची. बाजूचा दाब अडवायला तारांना एवढाच निमुळता कोन मिळतो. हे सांगण्यापेक्षा करूनच बघा. सायकल उलटी उभी करा. रिंग अंगठ्याने हबच्या दिशेने दाबा, काही म्हणजे काही हलणार नाही. आता तीच रिंग ब्रेकच्या गुटक्याजवळ धरून बाजूला दाबा, दोन-तीन मिलिमीटर सहज सरकेल. हात काढला की परत जागेवर येईल. पण तोच दाब शेजारच्या सायकलीच्या पायडलचा असेल आणि त्यावर आणखी दोन सायकली रेललेल्या असतील, तर रिंग परत येत नाही, चाकात आऊट राहतो, म्हणजे चाक फिरताना बाजूला डुलतं.

चाकं खरी कुठे वाकतात

नवरात्र जवळ आलं की सोसायटीचं पार्किंग गरब्यासाठी मोकळं करतात. गाड्या मालक हलवतात, सायकली मात्र कुणीतरी उचलून जिन्याखाली कोपऱ्यात एकीवर एक टेकवून ठेवतो. नऊ रात्री त्या तशाच. दसऱ्यानंतर सायकलच्या दुकानांत आऊट काढायला येणाऱ्या चाकांकडे बघा, पुष्कळशी या ढिगाऱ्यातून आलेली असतात. सगळ्यात खालच्या सायकलीचं पुढचं चाक वळलेलं असतं, वरच्या सगळ्यांचं ओझं त्याच्या बाजूवर येतं. पायडल तारांत घुसून एखाद-दोन तारा वाकवून जातं ते वेगळंच. खाली जागा कमी असेल तर नवरात्राच्या आदल्या रविवारीच सायकल वर घेऊन या. हे मी शेजाऱ्यांना दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी सांगत राहीन.

दुसरी जागा म्हणजे ते लोखंडी स्टँड, ज्याच्या खाचेत फक्त पुढचं चाक घालायचं असतं. शाळांमध्ये आणि दुकानांबाहेर सगळीकडे तेच दिसतात. खाच चाकाला जमिनीपासून वीतभर उंचीवर पकडते आणि हँडल असतं मीटरभर वर. कुणाचा धक्का लागला, दप्तर अडकलं, की अख्खी सायकल त्या वीतभर पकडीवर पिळली जाते. घरासाठी असा स्टँड विकत घेऊ नका. बाहेर तोच असेल तर खाचेत चाक घालू नका. शेजारी साइड स्टँडवर सायकल उभी करा आणि साखळी फ्रेममधून स्टँडला घाला. घरी ठेवायला स्टँडच हवा असेल तर मागच्या चाकाजवळ फ्रेमलाच दोन्ही बाजूंनी धरणारा घ्या. भाड्याच्या घरात, जिथे भोक पाडायची परवानगी नसते, तिथे हाच उपाय बरा.

बाल्कनीतली उभी टांगणी

जागा सगळ्यात जास्त वाचते ती सायकल उभी टांगल्यावर. पण हूक आणण्याआधी टेप घेऊन बाल्कनीत जा. चाकं भिंतीला आणि सीट बाहेर अशी उभी टांगलेली मोठी सायकल भिंतीपासून मीटरभर, कधी १०५ सेंटीमीटरपर्यंत बाहेर येते. फ्लॅटच्या बाल्कन्या जेमतेम १२० सेंटीमीटर रुंद असतात, म्हणजे लांब भिंतीवर टांगली तर बाल्कनीतून जायलाच जागा उरत नाही. म्हणून आखूड, म्हणजे टोकाची भिंत निवडा. मग सायकल बाल्कनीच्या लांबीत बाहेर येते आणि समोरची वाट मोकळी राहते.

उंचीचं माप असं. मोठ्या सायकलीची लांबी १७५ ते १८० सेंटीमीटर. हूक जमिनीपासून १९० सेंटीमीटरवर घेतला की खालचं चाक वीतभर अधांतरी राहतं आणि खाली झाडू फिरतो. जी सायकल रोज काढायची तिचा हूक १०-१२ सेंटीमीटर खाली घ्या. माझ्या मुलीची तशीच आहे. ती सायकल मागच्या चाकावर उभी करते, सीट मांडीने जरा वर ढकलते आणि पुढचं चाक हुकात टाकते. उचलावं असं काही लागतच नाही. दोन सायकली शेजारी टांगायच्या असतील तर एक पुढच्या चाकाने आणि दुसरी मागच्या चाकाने टांगा. एकीचं हँडल वर आणि दुसरीचं खाली गेलं की दोन हुकांमध्ये ४० सेंटीमीटर अंतरही पुरतं. एरवी हँडलांनाच ६० सेंटीमीटर लागतात.

हूक रिंगमध्ये दोन तारांच्या मधे बसला पाहिजे, व्हॉल्व्हपासून लांब. हुकाचं तोंड एवढं रुंद हवं की टायरसकट रिंग आत मोकळी बसेल. निमुळत्या हुकात टायरची कड दाबली जाते. बाजारात मिळणाऱ्या हुकांवरचं प्लॅस्टिक उन्हात लवकर तडकतं, म्हणून मी जुन्या ट्यूबचा तुकडा चढवतो. सायकलच्या ट्यूबची वीतभर लांब नळी कापायची, आतून साबणाचं पाणी लावायचं आणि हुकावर पिळत पिळत सरकवायची. पाणी सुकलं की ती घट्ट बसते, रिंगला ओरखडा येत नाही. ज्या सायकलीला ब्रेकचा गुटका रिंगलाच लागतो तिच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. कार्बनच्या उंच रिंगा असतील तर मात्र कंपनीची सूचना वाचल्याशिवाय चाकाने टांगू नका.

भोक कुठे आणि किती

लोक हुकाचा विचार करतात, भिंतीचा करत नाहीत. सायकल पडली तर ती भिंतीमुळे पडते.

नव्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती बहुतेक अर्ध्या विटेच्या, साडेचार इंची असतात, नाहीतर पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या. ड्रिल लावल्यावर निघणाऱ्या भुकटीवरून कळतं: लाल आली तर वीट, राखाडी आणि ड्रिल अडखळलं तर काँक्रीट, पांढरी आणि लोण्यात जावं तसं ड्रिल गेलं तर हलका ब्लॉक. काँक्रीट मिळालं तर उत्तम, फक्त सळई लागली तर जोर करू नका, भोक जरा बाजूला घ्या. विटेत भोक विटेच्या मध्यावर पाडा, सांध्यात नको, सांध्यातला मसाला भुसभुशीत असतो. ब्लॉकला साधा प्लॅस्टिकचा गुल्ला अजिबात चालत नाही, त्यासाठीचाच फास्टनर मागून घ्या. भोकाचं माप आणि खोली फास्टनरच्या पाकिटावर छापलेली असते, ती तंतोतंत पाळा. भोक झालं की सायकलच्या हवेच्या पंपाने आतली सगळी धूळ उडवा. ही धूळ राहिली की फास्टनर फुलतो पण धरत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायरी गेलेल्या असतात. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीतही नको, आत पाइप असतात.

भिंतीची खात्री नसेल तर एका हुकावर भरवसा ठेवू नका. चार इंच रुंद आणि इंचभर जाड सागाची पट्टी घ्या, ती चार ठिकाणी भिंतीला कसा आणि हूक पट्टीत बसवा. भार चार जागी वाटला जातो. माझ्या बाल्कनीत असंच आहे.

दांडिया बाजारात माझ्या काकांकडे जुना वाडा आहे, चुन्यातल्या विटांचा. तिथे फास्टनर कसायला गेलं की चुना पिठासारखा गळतो. तिथे हूक तुळईतच घातला. जुना साग कठीण असतो, भोक न पाडता हूक पिळला तर लाकूड चिरतं किंवा हूक तुटतो. १० मिलिमीटरच्या हुकाला ७ मिलिमीटरचं भोक आधी पाडून आट्यांवर साबण घासला की हूक सरळ आत जातो.

हूक बसला म्हणजे लगेच सायकल टांगू नका. तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या दोरीने त्याला बांधून रात्रभर ठेवा. सकाळी हुकाच्या मुळाशी टॉर्च तिरका धरून बघा. गिलाव्यात केसाएवढी भेग दिसली किंवा हुकाभोवती ताजी भुकटी दिसली तर ती जागा सोडा.

काळी सायकल झोपाळ्याच्या कड्यांना

अठ्ठावीस इंची सायकल चाकाने टांगू नका. चाकाला काही होणार नाही, पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात तिला. पण तिची लांब पत्र्याची मडगार्डं भिंतीला दाबली जाऊन वाकतात आणि मग टायरला घासतात. शिवाय वजन वीस किलोच्या वर, ती उभी उचलायची म्हणजे कंबर जायची.

आमच्या बडोद्यातल्या घरांत याला एक सोय आयतीच आहे. हॉलमध्ये झोपाळ्याची कडी स्लॅबमध्ये ओतलेली असतात. तीन मोठी माणसं बसून झोके घेतात, म्हणजे दोनशे किलोचा हलता भार ती वर्षानुवर्षं सोसतात. आमचा झोपाळा वडील गेल्यापासून काढून ठेवलेला आहे. त्याच्या कड्यांना मी दोन कप्प्या बांधल्या आणि दोन रुंद निवारपट्ट्यांनी सायकल वर घेतली. एक पट्टी हँडलखाली मानेजवळ, दुसरी सीटखाली. ब्रेकच्या सळ्यांवर पट्टी येऊ देऊ नका, त्या वाकल्या तर ब्रेक लागत नाही. दोरी ८ मिलिमीटरची, भिंतीवरच्या खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळलेली. याशिवाय सायकल वर गेली की दोन्ही टोकांना कड्यातूनच एकेक वेगळी दोरी बांधतो. खुंटी सुटली तरी सायकल खाली येता कामा नये, कारण खाली माणसं बसतात. कडी वापरण्याआधी स्टुलावर चढून तिच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. साखळीने घासून तिथे लोखंड खोलगट झालेलं असतं. फार झिजलेली असेल तर ती सोडून द्या.

तिरक्या दांडीच्या लेडीज सायकलीलाही हीच दोन पट्ट्यांची रीत चालते. भिंतीवरचे जे दोन हात दांडीखाली घालायचे असतात, त्यांच्यावर ती सायकल घसरते.

जमिनीवरच ठेवायच्या असतील तर

एकीचं हँडल दुसरीच्या सीटजवळ येईल अशा उलटसुलट लावा. भिंतीला टेकवताना सीट आणि मागचं टायर टेकवा, पुढचं चाक कधीच नाही. ते वळतं आणि सायकल घसरते. ती घसरू नये म्हणून पुढच्या ब्रेकचा लिव्हर ट्यूबच्या रबराने हँडलला बांधून टाका. ब्रेक लागलेला राहतो, सायकल जागची हलत नाही. दोन सायकलींमध्ये पायडल कुठे येतंय ते बघा आणि ते तारांवर येत असेल तर क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, फिरवून वर-खाली करा. मधे पुठ्ठा ठेवला तर अजून चांगलं. डिस्क ब्रेकची पातळ चकती असेल तर त्या बाजूला दुसरी सायकल टेकवूच नका. ती जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते, रिंगच्या आधी तीच वाकते.

पुढचं चाक काढून ठेवलं तर लांबी बरीच कमी होते. काढलेलं चाक खुंटीला अडकवा. जमिनीवर आडवं टाकून त्यावर सामान रचू नका. तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका. पॅडच्या मधे घडी केलेला पुठ्ठा घाला, नाहीतर पॅड मिटून बसतात आणि चाक परत आत जात नाही. असे ब्रेक असलेली सायकल उभी टांगली असेल तर चालवायच्या आधी लिव्हर चार-पाच वेळा दाबून बघा. मऊ लागला तर आत हवा आहे, मेकॅनिककडे न्या.

हवा, ऊन आणि विश्वामित्री

महिनोन्महिने उभी राहणारी सायकल हवेविना ठेवू नका. टायर मुडपतो, कडेला चिरा जातात आणि रिंग थेट जमिनीवर बसते. टायरच्या कडेवर छापलेल्या दाबाच्या निम्मी हवा राहिली तरी पुरे, महिन्यातून एकदा बघा. टांगलेल्या सायकलीला एवढी काळजी लागत नाही.

ऊन हा रबराचा शत्रू. मे महिन्यात इथे चाळिशी सहज ओलांडते, पश्चिमेच्या बाल्कनीत आणि गच्चीवर तर टायर भाजतो. जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिच्या आत घाम धरतो आणि तारांच्या टोकाचे निपल गंजतात. एकदा निपल गंजून धरला की आऊट काढताना तार तुटते.

तळमजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या सायकली बुडाल्या. श्रावण-भाद्रपदात सायकल वर टांगलेलीच बरी. बुडालीच तर वरून धुऊन भागत नाही. दोन्ही हब आणि क्रँकची वाटी उघडून छर्रे पुसा, नवीन ग्रीस भरा आणि प्रत्येक निपलला तेलाचा थेंब द्या. गढूळ पाण्याची बारीक रेती आत राहिली तर थोड्याच चालवण्यात कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो भाग, खाऊन टाकते.

आऊट आहे का, कसं बघायचं

सायकल ठेवणीतून काढली की चाक उचलून फिरवा आणि ब्रेकचा गुटका आणि रिंग यांमधल्या फटीकडे बघा. गुटका नसेल तर चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन दांड्यांपैकी एकीला, पेन्सिल टेकवून तिचं टोक रिंगपाशी आणा. फट कमी-जास्त होते का बघा. मिलिमीटरभर फरक असेल तर चालवायला हरकत नाही. जास्त असेल आणि हात बसलेला असेल तर रिंग ज्या बाजूला ओढली जाते त्याच्या समोरच्या बाजूची तार निपलच्या पान्याने पाव आटा कसा, ओढणाऱ्या बाजूची पाव आटा सैल करा आणि पुन्हा फिरवून बघा. एका वेळी पाव आट्याच्या वर जाऊ नका. नाहीतर सरळ मेकॅनिककडे द्या. तारा बोटाने छेडूनही बघा, एका बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी ठप्प वाजली तर ती सैल आहे.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, हे बघणं विसरू नका, आणि सोबत हबही बघा. गल्लोगल्ली पडलेला मांजा चाकात गुंडाळला जातो आणि हब आणि चिमटा यांच्या मधे, आसाभोवती कडक गाठ होऊन बसतो. बाहेरून दिसत नाही, फक्त चाक जरा जड फिरतं. ओढून काढायला गेलं की काचेच्या मांज्याने बोट कापतं. चाक खोला, ब्लेडने गाठ दोन-तीन ठिकाणी छेदा आणि चिमटीने तुकडे काढा. सगळे निघाले की चाक बसवताना आस दोन्ही बाजूंनी खाचेत पूर्ण आत गेलाय ना ते बघा, मगच नट आवळा. आस तिरका राहिला तर चांगल्या चाकाचाही आऊट दिसतो आणि माणूस उगाच तारांना हात घालतो.